विश्वास ‘ठेवणे’ आणि विश्वास ‘बसणे’ : ख्रिस्ती किशोरांच्या धर्मभाषेविषयी काही विचार

मराठी ख्रिस्ती समाजातील तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना घरी, उपासनेत, रविवारच्या शाळेत आणि तरुण संघाच्या सभेत जो उपदेश वारंवार ऐकावयास मिळतो, त्याचा सारांश तीन शब्दांत सांगता येतो : ‘देवावर विश्वास ठेव.’ परीक्षेत अपयश येते, वडिलांची नोकरी सुटते, वसतिगृहात मन लागत नाही, जिवलग मैत्रीण बोलेनाशी होते, घरात आजारपण ठाण मांडून बसते. अशा प्रत्येक प्रसंगी वडीलधारी माणसे हेच वाक्य उच्चारतात. त्यांचा हेतू धीर देण्याचा असतो, यात शंका नाही. परंतु ऐकणारा किशोर पुष्कळदा मनात, आणि क्वचित उघडपणे, उत्तर देतो : ‘माझा विश्वास बसत नाही.’ या उत्तरावर पुन्हा तोच उपदेश होतो, आणि संवाद तेथेच थांबतो. मुलगा गप्प बसतो. आपण अविश्वासू आहोत अशी त्याची समजूत होते. वडीलधाऱ्यांना तो हट्टी वाटतो.

भाषेच्या अभ्यासकाने या संवादाकडे पाहिले, तर त्याच्या चटकन ध्यानात येते की दोघांच्या वाक्यांत नाम एकच असले तरी क्रियापदे निराळी आहेत. एक ‘ठेवण्या’विषयी बोलत आहे, दुसरा ‘बसण्या’विषयी. हा भेद केवळ शब्दांचा नाही. त्यामागे मराठी वाक्यरचनेची एक सुस्थिर व्यवस्था आहे, आणि ती ध्यानात न घेतल्यामुळे एका वाढत्या वयाच्या माणसावर अकारण अपराधाचे ओझे पडते. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचे विवेचन करावयाचे आहे. ईश्वराचे अस्तित्व, कृपा, तारण इत्यादी प्रश्न ईश्वरविज्ञानाचे आहेत. त्यांत येथे शिरावयाचे नाही. किशोराने देवावर भिस्त ठेवावी किंवा कसे, हाही आपला प्रश्न नव्हे. ती भिस्त मराठीत कोणत्या रूपांनी व्यक्त होते, आणि त्या रूपांमुळे काय समजते व काय निसटते, एवढेच पाहावयाचे आहे. लेखातील उदाहरणवाक्ये नमुन्यादाखल रचलेली आहेत. ती कोणाही व्यक्तीची उक्ती म्हणून दिलेली नाहीत.

१. शब्दांची घडण

‘विश्वास’ हा शब्द ‘श्वस्’ या धातूस ‘वि’ हा उपसर्ग लागून सिद्ध झाला आहे. संस्कृतातील ‘वि + श्वस्’ याचा मूळ भाव मोकळेपणाने श्वास घेणे, निर्भय होणे असा आहे. ज्याच्या सहवासात छाती दडपत नाही, त्याच्याविषयी विश्वास असतो. ‘श्रद्धा’ या शब्दात ‘श्रत्’ आणि ‘धा’ असे दोन घटक आहेत. लॅटिनमधील ‘क्रेदो’ हे क्रियापद त्याचे सगोत्र आहे. ‘धा’ म्हणजे ठेवणे. म्हणजे एका शब्दाच्या मुळाशी मनाची स्थिती आहे, तर दुसऱ्याच्या मुळाशी कृती आहे. पुढे मराठीत ‘विश्वास’ या स्थितिवाचक नामालाच ‘ठेवणे’ हे कृतिवाचक क्रियापद जोडले गेले, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

बायबलच्या मूळ भाषांकडे वळल्यास तेथेही अर्थच्छटांचे असेच वैविध्य दिसते. हिब्रूमध्ये ‘आमन्’ या धातूचा भाव दृढ असणे, टिकणे हा होय. प्रार्थनेच्या अंती सर्व ख्रिस्ती लोक जो ‘आमेन’ शब्द उच्चारतात, तो याच धातूपासून आला आहे. स्तोत्रांत वारंवार येणारा ‘बाताह्’ हा धातू निश्चिंतपणे विसंबणे या अर्थाचा आहे, आणि ‘हासाह्’ हा आश्रयाला जाणे या अर्थाचा. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये ‘पिस्तिस्’ हे नाम आणि ‘पिस्तेउओ’ हे क्रियापद यांवर पुष्कळसा भार पडतो. ग्रीक लेखक एकाच क्रियापदाने काम भागवतो. मराठीत मात्र या अर्थाचे एकपदी क्रियापद आज रूढ नाही. ‘विश्वासणे’ हे रूप आजच्या बोलण्यातून गेले आहे. त्यामुळे मराठी भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी नाम निवडावे लागते, आणि त्याला जोडावयाचे क्रियापदही निवडावे लागते. ग्रीकमध्ये जो प्रश्न उद्भवत नाही, तो मराठीत पदोपदी उद्भवतो.

२. मराठी ख्रिस्ती परंपरेतील निवड

ही निवड मराठीत चारशे वर्षे चालू आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. ओवीबद्ध पुराणाची रचना स्वीकारताना त्यांनी पुराणकथेचा शब्दसंग्रहही स्वीकारला. श्रद्धा आणि श्रद्धाळू यांसाठी ‘भावार्थ’ व ‘भावार्थी’ हे शब्द त्या परंपरेत रुजले. गोव्यातील कॅथलिक कोंकणीत ‘भावार्थ’ हा शब्द ख्रिस्ती श्रद्धेचा वाचक म्हणून आजही चालतो. पुढे विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि संपूर्ण नवा करार १८११ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला. १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेले अमेरिकन मराठी मिशन, १८३१ पासूनचे त्याचे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील केंद्र, आणि १८४२ मध्ये तेथे निघालेले ‘ज्ञानोदय’ पत्र यांनी प्रॉटेस्टंट मराठीला तिचे वळण दिले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मधले आहे.

बायबल सोसायटीच्या प्रचलित ‘पवित्र शास्त्रा’त एकाच कल्पनेसाठी अनेक शब्द वापरलेले आढळतात. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातील पाचवे वचन तरुणांना पाठ करावयास देण्याची प्रथा आहे. तेथे परमेश्वरावर ‘भाव’ ठेवण्यास सांगितले आहे. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाच्या प्रारंभी ‘विश्वासा’ची व्याख्या ‘भरवसा’ आणि ‘खातरी’ या शब्दांनी केली आहे. एक तत्सम शब्द, एक लोकव्यवहारातील शब्द आणि एक अरबी मुळाचा शब्द अशी ही त्रयी आहे. भाषांतरकारांनी बाजारातील, घरातील आणि ग्रंथातील अशा तिन्ही ठिकाणच्या भाषा कामाला लावल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

‘भाव’ या शब्दाचे भाग्य मात्र पालटले आहे. ‘भाव तसा देव’ ही म्हण ज्या पिढीच्या तोंडी होती, तिला ‘भाव ठेवणे’ उलगडून सांगावे लागत नसे. वारकरी परंपरेच्या भाषेशी त्याचे नाते होते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्यांच्या भजनांमुळे तो शब्दसंग्रह ख्रिस्ती उपासनेत दृढ झाला. आजच्या शहरी किशोराला मात्र ‘भाव’ म्हणताच प्रथम आठवतो तो भाजीचा भाव, किंवा ‘भाव खाणे’ आणि ‘भाव देणे’ हे वाक्प्रचार. पाठ केलेले वचन आणि रोजची भाषा यांच्यामधील अंतर येथे उघड होते. शब्द परिचयाचा वाटतो, परंतु अर्थ हाती लागत नाही.

३. क्रियापदांची व्यवस्था

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पुढील पाच वाक्ये पाहावीत.

(अ) मी देवावर विश्वास ठेवतो.
(आ) माझा देवावर विश्वास आहे.
(इ) मला देवाविषयी विश्वास वाटतो.
(ई) माझा देवावर विश्वास बसला.
(उ) माझा देवावरचा विश्वास उडाला.

पहिल्या वाक्यात ‘मी’ कर्ता आहे आणि ‘विश्वास’ हे कर्म आहे. भूतकाळी ‘त्याने विश्वास ठेवला’ अशी रचना होते, यावरून क्रियापदाचे सकर्मकत्व स्पष्ट आहे. उरलेल्या चारही वाक्यांत ‘विश्वास’ हाच व्याकरणदृष्ट्या कर्ता आहे. माणूस तेथे षष्ठीत किंवा ‘ला’ प्रत्ययान्त रूपात येतो. तो कर्ता नाही, अनुभव घेणारा आहे. ‘बसणे’ आणि ‘उडणे’ यांचे मराठीतील इतर प्रयोग आठवावेत. घडी बसते, जम बसतो, धूळ बसते. रंग उडतो, झोप उडते. या घटना आपल्या ठिकाणी घडतात. आपण त्या करीत नाही. मराठी भाषा विश्वासाच्या येण्याजाण्याला याच घटनांच्या पंक्तीत बसविते.

हा भेद तीन कसोट्यांनी पडताळता येतो. पहिली आज्ञार्थाची. ‘विश्वास ठेव’ हे सहज मराठी आहे. परंतु ‘बसणे’ किंवा ‘वाटणे’ यांचा तसा आज्ञार्थ ऐकणाऱ्याला उद्देशून होत नाही. होते ते ‘विश्वास बसू दे’, ‘विश्वास वाटू दे’ असे रूप. आणि ते ज्याला विश्वास हवा आहे त्याला सांगावयाचे नसून, ज्याच्या हाती ते आहे त्याच्याकडे मागावयाचे आहे. दुसऱ्या शब्दांत, विश्वास ठेवण्याची आज्ञा करता येते, विश्वास बसण्याची प्रार्थनाच करावी लागते. दुसरी कसोटी क्रियाविशेषणाची. ‘त्याने मुद्दाम विश्वास ठेवला’ हे वाक्य चालते, ‘त्याचा मुद्दाम विश्वास बसला’ हे चालत नाही. तिसरी कसोटी सहप्रयोगाची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. ‘विश्वास बसत नव्हता, तरी ठेवला’ हे वाक्य ऐकून मराठी माणूस गोंधळत नाही. जर ‘बसणे’ आणि ‘ठेवणे’ एकच असते, तर या वाक्यात वदतोव्याघात झाला असता. तो होत नाही. म्हणजे या दोन गोष्टी एकमेकींवाचून असू शकतात, अशी ग्वाही भाषा स्वतःच देते.

आरंभी दिलेल्या संवादाचा उलगडा येथे होतो. ‘माझा विश्वास बसत नाही’ असे म्हणणारा मुलगा आज्ञेचा भंग करीत नाही. आज्ञा ‘ठेवण्या’ची होती, त्याने कबुली दिली ती ‘न बसण्या’ची. तो आपल्या मनाच्या स्थितीचे प्रामाणिक निवेदन करीत आहे. त्याला पुन्हा ‘विश्वास ठेव’ असे सांगताना सांगणाऱ्याच्या मनात ‘तुला तसे वाटले पाहिजे’ असा अर्थ असेल, तर तो व्याकरणाकडून अशक्य ते मागत आहे.

मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाच्या बापाचा जो प्रसंग आहे, तो या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. तो बाप एकाच दमात आपल्या विश्वासाचा उच्चार करतो आणि आपल्या अविश्वासासाठी साहाय्यही मागतो. पुष्कळ प्रवचनकारांना ही विसंगती वाटते व ते तिचे समर्थन करू पाहतात. वस्तुतः मराठी भाषकाला त्यात काही विलक्षण वाटू नये. बापाने मुलाला आणले, हे त्याचे ‘ठेवणे’. मन अजून निःशंक झालेले नाही, हे त्याचे ‘न बसणे’. आणि न बसलेल्या विश्वासासाठी तो जे करतो, ती मागणी होय.

‘ठेवणे’ या क्रियापदाचा आणखी थोडा विचार केला पाहिजे. त्याचे दोन अर्थ आहेत. पैसे पेढीत ठेवले, यात सोपविण्याचा अर्थ आहे. ‘ठेव’ हे नाम त्यातूनच आले. लक्ष ठेवले, संबंध ठेवला, यांत टिकवून धरण्याचा अर्थ आहे. ‘विश्वास ठेवणे’ यात दोन्ही अर्थ मिसळलेले आहेत. एकदा सोपविले की काम संपले, असे पहिल्या अर्थाने वाटते. दुसऱ्या अर्थाने ते रोजचे काम आहे. किशोराच्या नित्याच्या अडचणींना दुसरा अर्थ अधिक लागू पडतो. ‘मी विश्वास ठेवला’ या रूपात क्रिया पूर्ण झालेली असते. ‘मी विश्वास ठेवून आहे’ या रूपात ती चालू असते. ज्याचा निकाल अजून लागलेला नाही, ज्याच्या आईचा आजार अजून बरा झालेला नाही, त्याला दुसरेच रूप खरेपणाने वापरता येते.

या ‘ठेवून असण्या’चे दृश्य स्वरूप काय? नापास झाल्यावर घरी खरे सांगणे. पुनःपरीक्षेचा अर्ज भरणे. शेजारचा नक्कल करीत असता आपण न करणे. प्रार्थनेत मन रमत नसले तरी ती न सोडणे. रात्र रात्र झोप येत नसेल, तर कोणातरी मोठ्या माणसाला ते सांगणे. या साऱ्या कृती आहेत, भावना नव्हेत. म्हणूनच त्यांचा आज्ञार्थ होऊ शकतो.

४. व्यक्तीवरचा विश्वास आणि फलावरचा विश्वास

दुसरा घोटाळा वाक्याच्या पूरकामुळे होतो. ‘देव आहे यावर माझा विश्वास आहे’ हे अस्तित्वाविषयीचे विधान आहे. ‘देवावर माझा विश्वास आहे’ हे व्यक्तीविषयीचे आहे. ‘देव मला पास करील असा माझा विश्वास आहे’ हे फलाविषयीचे आहे. मराठीत तिन्हींना ‘विश्वास’ हेच नाम चालते. भेद केवळ ‘वर’ या शब्दयोगी अव्ययाने आणि ‘असा’, ‘की’ यांनी आरंभ होणाऱ्या गौण वाक्याने कळतो. बोलण्याच्या ओघात गौण वाक्य गळते. उपदेशक म्हणतो, ‘देवावर विश्वास ठेव’. मुलगा ऐकतो, ‘देव पास करील असा विश्वास ठेव’. निकाल उलट लागला की फलाविषयीचे वाक्य खोटे ठरते. परंतु नाम एकच असल्यामुळे त्याला वाटते की व्यक्तीविषयीचे वाक्यही खोटे ठरले. त्याचा विश्वास ‘उडतो’. कधी तर तो दोष स्वतःकडे घेतो : माझाच विश्वास कमी पडला, म्हणून फळ मिळाले नाही. हा दुसरा निष्कर्ष पहिल्याहून अधिक जाचक आहे.

हा भेद बायबलच्या कथनकारांना चांगला ठाऊक होता. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायातील शद्रख, मेशख आणि अबेद्‍नगो यांना पहिल्या अध्यायात ज्या हिब्रू शब्दाने ओळखले आहे, तो मुलगे, कुमार या अर्थाचा आहे; म्हणजे परक्या राज्यात, परक्या भाषेत शिक्षण घेण्यास नेलेले ते तरुणच आहेत. भट्टीसमोर उभे असता ते राजाला सांगतात की आमचा देव आम्हांस सोडविण्यास समर्थ आहे; आणि लगेच पुढे जोडतात की त्याने न सोडविले तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही. येथे फलाचे वाक्य संकेतार्थात गेले आहे आणि व्यक्तीविषयीचे वाक्य त्यावर अवलंबून ठेवलेले नाही. हबक्कूकच्या शेवटच्या अध्यायातही अंजीर फुलले नाही, गोठ्यात गुरे राहिली नाहीत, अशी यादी देऊन पुढे ‘तरी’चा प्रवेश होतो. मराठीत या दोन्ही ठिकाणचा सारा भार ‘तरी’ या एका अव्ययावर येतो. ‘म्हणून’ हे अव्यय कारणाशी बांधलेले असते. ‘तरी’ कारणाच्या विरुद्ध उभे राहते. किशोरांना शिकविताना ‘देवाने दिले म्हणून’ या रचनेची उदाहरणे पुष्कळ दिली जातात. ‘न मिळाले तरी’ या रचनेची त्या मानाने थोडी. दुसऱ्या रचनेचा सराव नसलेल्या मुलाला पहिल्याच निराशेत वाक्य अपुरे पडते.

येथे एका मराठी वाक्प्रचाराची नोंद केली पाहिजे. ‘देवाच्या भरवशावर सोडणे’ याचा रूढ अर्थ काळजी न घेणे, वाऱ्यावर सोडणे असा आहे. ‘देवावर भरवसा ठेवणे’ आणि ‘देवाच्या भरवशावर सोडणे’ यांत नामे तीच आहेत, तरी अर्थ जवळजवळ विरुद्ध आहेत. पहिल्यात माणूस स्वतः भरवसा ठेवतो. दुसऱ्यात तो दुसऱ्या कोणाला तरी सोडून देतो. खचलेल्या मुलाला ‘देवावर विश्वास ठेव’ एवढेच सांगून जे त्याला वैद्याकडे नेत नाहीत किंवा त्याच्याजवळ बसत नाहीत, ते पहिले वाक्य बोलतात आणि दुसरे आचरतात. मराठी समाजाने हा धोका फार पूर्वी ओळखला होता, असे या वाक्प्रचाराच्या उपरोधिक अर्थावरून दिसते.

५. ‘परीक्षा’ आणि ‘कसोटी’

ग्रीकमधील ‘पैरास्मोस्’ या शब्दात मोहात पडणे आणि पारखले जाणे असे दोन्ही अर्थ आहेत. प्रभूच्या प्रार्थनेत तो शब्द येतो, आणि प्रचलित ‘पवित्र शास्त्रा’त त्या ठिकाणी ‘परीक्षा’ हा शब्द योजलेला आहे. ज्या काळी ही योजना झाली, त्या काळी ‘परीक्षा’ म्हणजे पारख हा अर्थ जिवंत होता; रत्नपरीक्षा, अश्वपरीक्षा हे शब्द त्याची साक्ष देतात. आज दहावीच्या वर्गातील मुलामुलींना ‘परीक्षा’ या शब्दाचा एकच अर्थ प्रथम सुचतो. मार्चमध्ये मंडळाच्या परीक्षेला बसणारा मुलगा रोज रात्री परीक्षेत न आणण्याची विनंती करतो, यात विनोद आहे खरा. परंतु त्यात एक गंभीर परिणामही आहे. शालेय परीक्षेत उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण असे दोनच निकाल असतात, आणि परीक्षक बाहेरचा असतो. हा साचा मुलगा नकळत देवाला लावतो. अडचण आली म्हणजे देव पेपर काढून बसला आहे, आणि आपल्याला किती गुण पडतात ते पाहत आहे, असे चित्र त्याच्या मनात तयार होते.

‘कसोटी’ हा शब्द त्याहून निराळा आहे. संस्कृत ‘कषपट्टिका’ या शब्दापासून तो आला. सोने घासून पाहण्याचा काळा दगड हा त्याचा मूळ अर्थ. कसोटीवर सोने नापास होत नाही. त्यात जे आहे ते दिसून येते. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या आरंभी विश्वासाच्या पारखीची तुलना अग्नीत शुद्ध होणाऱ्या सोन्याशी केली आहे. तेथील कल्पनेला ‘कसोटी’ अधिक जुळते. धर्मशिक्षणात या दोन शब्दांची योजना विचारपूर्वक झाली, तर पुष्कळ गैरसमज टळतील.

६. गाऱ्हाणे, साक्ष आणि ‘तू’

विश्वास ठेवणाऱ्याने तक्रार करू नये, अशी एक समजूत ख्रिस्ती कुटुंबांत आढळते. स्तोत्रसंहितेचा पुरावा याच्या उलट आहे. हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) यांनी १५० स्तोत्रांचे प्रकारवार वर्गीकरण केले, तेव्हा व्यक्तिगत विलापाच्या स्तोत्रांचा गट सर्वांत मोठा भरला. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर’ या अर्थाचा प्रश्न चार वेळा येतो. आणि पाचव्या वचनात त्याच कवीच्या तोंडी ‘बाताह्’ हा विसंबण्याचा धातू येतो. मधल्या काळात संकट टळले असे कवी कोठे म्हणत नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखानेच संपते. तरीही ते प्रार्थनाग्रंथात राहिले आहे. बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा प्रश्न येशूने वधस्तंभावर उच्चारला, असे मत्तय आणि मार्क दोघेही नमूद करतात.

मराठीला ही गोष्ट नवी नाही. ‘गाऱ्हाणे’ या शब्दाचा देशावरील रूढ अर्थ तक्रार असा आहे. कोकणात मात्र ग्रामदेवतेपुढे ‘गाऱ्हाणे घालतात’, आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला अनुमोदन देतात. तेथे तो शब्द प्रार्थनेचा वाचक आहे. एकाच शब्दात तक्रार आणि प्रार्थना सामावावी, आणि जमावाने तिला होकार द्यावा, ही रचना विलापस्तोत्राच्या फार जवळची आहे. कोकणातील ख्रिस्ती मुलाला विलापस्तोत्र समजावून देण्यास याहून चांगला शब्द सापडणार नाही.

याच्याशी संबोधनाचा प्रश्न निगडित आहे. जुन्या वळणाच्या मराठी घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणण्याची रीत होती. प्रार्थनेत मात्र देवाला ‘पित्या’ म्हणतात आणि ‘तू’ही म्हणतात. ज्या घरात वडिलांपुढे तोंड उघडण्याची सोय नसे, त्या घरातील मुलालाही स्वर्गीय पित्याशी एकेरीत बोलण्याची मुभा होती. विठ्ठलाला माउली म्हणून ‘तू’ म्हणणाऱ्या भक्तिपरंपरेने ही वाट आधीच मोकळी केलेली होती. ‘तू’ म्हटले की ‘तू का केलेस?’ असेही विचारता येते. या एकेरीत आदराची उणीव नाही. जवळीक आहे, आणि जवळीक असल्यामुळे गाऱ्हाण्याला जागा आहे.

‘साक्ष’ हा तरुण संघातील दुसरा रूढ वाक्प्रकार होय. त्याची रचना ठरलेली असते : संकट आले, प्रार्थना केली, देवाने मार्ग दाखविला. तिन्ही क्रियापदे पूर्ण भूतकाळात असतात. संकट संपल्यावरच साक्ष देता येते, असा त्यामुळे अलिखित नियम होतो. ज्याचे संकट चालू आहे, त्याच्याजवळ शेवटचे वाक्य नसते. तो एक तर गप्प राहतो, किंवा शेवटचे वाक्य पदरचे घालतो. दुसरा मार्ग अधिक हानिकारक आहे; कारण त्यात देवाविषयी बोलण्यासाठीच खोटे बोलण्याची सवय लागते. ‘ठेवून आहे’ या चालू रूपातील साक्षेला सभेने स्थान दिले, तर ही अडचण राहणार नाही.

७. नव्या भाषेचा प्रश्न

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या ख्रिस्ती किशोरांच्या बोलण्यात आता ‘देवावर ट्रस्ट कर’, ‘फेथ ठेव’ अशा रचना येतात. परभाषेतील शब्द येतात याचा विषाद मानण्याचे कारण नाही. ‘खातरी’ही एके काळी परकीच होती. ध्यानात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. परभाषेतील शब्दाला मराठी बहुधा ‘करणे’ हे क्रियापद जोडते. ‘ट्रस्ट करणे’ रुळते. ‘ट्रस्ट बसणे’, ‘ट्रस्ट उडणे’ रुळत नाही. परिणामी ठेवणे, बसणे, वाटणे, उडणे या चार क्रियापदांनी जो सूक्ष्म हिशोब ठेवला होता, तो एका ‘करणे’त विलीन होतो. मग विश्वास ही सर्वस्वी आपण करावयाची गोष्ट ठरते, आणि ती झाली नाही तर दोषही सर्वस्वी आपला ठरतो. ज्या वयात माणूस स्वतःविषयी आधीच कठोर असतो, त्या वयात ही भाषिक हानी किरकोळ समजता येणार नाही.

समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. मराठीत विश्वासाची कृती आणि विश्वासाचा अनुभव यांना निरनिराळी क्रियापदे आहेत. पहिलीची आज्ञा होऊ शकते, दुसऱ्याची मागणी. व्यक्तीवरचा आणि फलावरचा विश्वास यांतील भेद वाक्यरचनेत दिसतो, परंतु बोलण्यात लोपतो. गाऱ्हाणे ही विश्वासाची विरुद्ध बाजू नसून, ज्याला ‘तू’ म्हणता येते त्याच्याशी बोलण्याची एक रीत आहे.

धर्मभाषेचा अभ्यास आपल्याकडे बहुतांशी ग्रंथांच्या आधारे झाला आहे. किशोरांच्या तोंडी असलेली प्रार्थनेची, साक्षेची आणि शंकेची भाषा, अहिल्यानगर, वसई, कोकण आणि मराठवाडा येथील बोलीभेदांसह, नोंदविली गेली तर वरील विधाने पडताळून पाहता येतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस हा विषय हाती घेण्याजोगा आहे. तोवर एवढे म्हणता येईल की, एखादा मुलगा ‘माझा विश्वास बसत नाही’ असे म्हणाला, तर त्याचे क्रियापद नीट ऐकून घ्यावे. त्याने नाकारलेले काहीच नसते. पुष्कळदा तो विश्वास ठेवूनच ते बोलत असतो.